'रेड', स्वारी आणि धाड

भडगावच्या आमच्या वर्गात एका विद्यार्थ्याने मध्यंतरी विचारले, "सर, पोलिसांची रेड पडते ती आणि एअर रेड, ह्यांतली रेड एकच का?" प्रश्न साधा, पण उत्तर देता देता तास संपला.

शब्द एकच आहे, श्रोतेहो. जुन्या इंग्रजीत 'राड' म्हणजे घोड्यावर बसून जाणे. रस्त्याला म्हणतात तो 'रोड' त्यातूनच निघाला. स्कॉटलंडच्या बोलीत त्याचा 'रेड' झाला. तिथल्या सरहद्दीवरचे घोडेस्वार पलीकडच्या मुलखात शिरत, गुरे हाकून नेत, ती रेड. हा मागे पडलेला शब्द एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वॉल्टर स्कॉटने पुन्हा चलनात आणला. पुढे 1 नोव्हेंबर 1911 रोजी गावोत्ती नावाच्या इटालियन वैमानिकाने लिबियात विमानातून चक्क हाताने बॉम्ब टाकले. 1915 च्या जानेवारीत जर्मनांची झेपेलिने इंग्लंडच्या किनाऱ्यावर आली. आभाळातल्या ह्या संकटालाही इंग्रजांनी घोडेस्वाराचाच शब्द दिला. घोडा गेला, शब्द राहिला.

आपल्याकडे ह्याच्या जोडीचा शब्द 'स्वारी'. फारसी 'सवार'पासून आलेला. घोड्यावर बसतो तो स्वार, त्याचे जाणे ती स्वारी, आणि मुलूख मारायला जाणे तीही स्वारीच! शब्द घोड्यावर बसलेल्याचा, म्हणून त्याला केवढा मान. घरधन्यालासुद्धा आपण 'स्वारी आली' म्हणतो.

पण ज्याच्या दारात ते घोडे येऊन थडकत, त्याचा शब्द निराळा. तो म्हणजे धाड. संस्कृत 'धाटी'वरून आलेला. 1802 साली होळकरांच्या फौजेने खानदेश लुटला, पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ, आणि मग पेंढारी. गिरणाकाठच्या कुणब्याने ह्याला 'स्वारी' म्हटले असेल, असे मला तरी वाटत नाही. अजूनही धडधाकट माणूस कुरकुरू लागला की आपण विचारतोच, "तुला काय धाड भरली?"

वर्तमानपत्रांनी 'एअर रेड'चा 'हवाई हल्ला' केला. त्यातली 'हवा' मूळची अरबी, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आलेली. शब्द रुळला, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र तो ऐकताना डोळ्यांपुढे विमान येते, खालचे गाव येत नाही. आभाळातून येणाऱ्या धाडीला आमच्या शेतकऱ्याजवळ विमानांच्या कितीतरी आधीपासून एक जोडशब्द होता: टोळधाड. उभ्या पिकात थांबून वर बघणाऱ्याने केलेला तो शब्द आहे.