निशादृश्य छायाचित्रण
रात्रीचे वा संधिकालीन आकाश आणि त्याखालील प्रकाशित भूदृश्य ही दोन्ही एकाच छायाचित्रात दाखविण्याची कला व तंत्र. यात दोन अडचणी मूलभूत आहेत. पहिली प्रकाशमानातील तफावतीची : ताऱ्यांसाठी पुरेसे उद्‌भासन (प्रकाशसंवेदी पृष्ठावर प्रकाश पडू देण्याची क्रिया) दिल्यास दिव्यांनी उजळलेली भूमी पांढरी फटक उमटते, भूमीला योग्य अशा उद्‌भासनात तारे उमटतच नाहीत. दुसरी गतीची : पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर चार मिनिटांत सुमारे एक अंश सरकताना दिसते. कॅमेरा आकाशाबरोबर फिरविल्यास तारे बिंदुरूप राहतात, पण भूमी पुसट होते. स्थिर ठेवल्यास ताऱ्यांच्या रेषा उमटतात.

जॉन विल्यम ड्रेपर (१८११–८२) यांनी १८४० मध्ये न्यूयॉर्क येथे चंद्राचे डागेरोटाइप चित्र घेतले. हार्व्हर्ड वेधशाळेत १८५० मध्ये अभिजित ताऱ्याचे छायाचित्र मिळाले. या चित्रांत भूमीला स्थान नव्हते. भूदृश्यांच्या छायाचित्रणात, उलटपक्षी, दिवसाचे आकाशही नीट उमटत नसे. कारण तत्कालीन पट्टिका निळ्या प्रकाशास अतिसंवेदी होत्या. म्हणून गुस्ताव्ह ल ग्रे (१८२०–८४) या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५७ च्या सुमारास सागर व मेघ यांची स्वतंत्र ऋणचित्रे जोडून एकच प्रत तयार केली. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांच्या जिलेटिनयुक्त शुष्क पट्टिकेमुळे (१८७१) दीर्घ उद्‌भासन सुकर झाले.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध चित्र अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स (१९०२–८४) यांचे आहे. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावी मावळत्या सूर्याचे अखेरचे किरण दफनभूमीतील क्रुसांवर पडले असता पूर्वेस चंद्र वर आला होता. प्रकाशमापक वेळेवर सापडेना. तेव्हा चंद्राची दीप्ती दर चौ. फुटास २५० कँडल असते, हे स्मरून अ‍ॅडम्स यांनी उद्‌भासन ठरविले व एक चित्र घेतले. दुसरे घेण्यापूर्वीच क्रुसांवरील प्रकाश गेला. पुढे १९४८ मध्ये त्यांनी ऋणचित्रातील भूमीचा भाग रासायनिक प्रक्रियेने अधिक गडद केला व उत्तरकालीन प्रतींत आकाश जवळजवळ काळे दाखविले. त्यांना चित्राची तारीख आठवत नव्हती. डेनिस डी सिक्को यांनी १९९१ मध्ये चंद्राच्या स्थानावरून गणित करून ती १ नोव्हेंबर १९४१, सायंकाळी ४ वाजून ४९ मिनिटे अशी निश्चित केली.

एकविसाव्या शतकात अंकीय कॅमेऱ्यांमुळे काही सेकंदांच्या उद्‌भासनात आकाशगंगा टिपता येऊ लागली. ३५ मिमी. चौकटीच्या कॅमेऱ्यात ५०० या संख्येस भिंगाच्या मिमी.मधील केंद्रांतराने भागून येणारे सेकंद ही तारे बिंदुरूप राहण्याची स्थूल मर्यादा मानतात; २० मिमी. भिंगास ती २५ सेकंद येते. भूमी व आकाश यांची वेगवेगळी चित्रे संगणकावर जोडण्याची पद्धतही रूढ झाली. तत्त्वतः ती ल ग्रे यांचीच होय. इराणी छायाचित्रकार बाबक तफ्रेशी यांनी २००७ मध्ये स्थापिलेल्या ‘द वर्ल्ड अ‍ॅट नाइट’ या उपक्रमाने जगातील वारसास्थळांवरील तारांकित आकाशाची चित्रे लोकांपुढे आणली.

तंत्र सुलभ झाले, तसे चित्रविषय असलेले आकाश मात्र दुर्मिळ झाले. भूमी उजळणारे दिवेच आकाशही उजळतात. कृत्रिम प्रकाशाच्या २०१६ मधील जागतिक नकाशासंग्रहानुसार एकतृतीयांशाहून अधिक मानवजातीस राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. लडाखमधील हानले येथे २०२२ मध्ये काळोखे आकाश राखण्यासाठी क्षेत्र घोषित झाले. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास अशा उद्यानाची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी लगतच्या गावांतील दिव्यांचा प्रकाश केवळ जमिनीकडे पडेल अशी व्यवस्था करण्यात आली.