पंगतीचा अंदाज आणि पिंपाचा हिशेब

शंभर पानांच्या पंगतीला तांदूळ किती, डाळ किती, तूप किती, हे तोंडी सांगणारी माणसे मराठी मुलखात गावोगाव असत. त्यांच्या हिशेबामागे एकच नीतितत्त्व होते : उरले तरी चालेल, कमी पडता कामा नये. पान रिकामे राहणे ही यजमानाची नामुष्की, आणि आग्रह हे त्याचे भूषण. आता प्रश्न असा की, सातपूरच्या एखाद्या कामगार वसाहतीत बढतीची वा निवृत्तीची मेजवानी असेल आणि तिथे बिअरचे पिंप मागवायचे असेल, तर हेच तत्त्व लागू करावे काय? आमच्या मते नाही. मद्याचा अंदाज हा केवळ मापाचा व्यवहार नसतो. पिणाऱ्याविषयी मोजणाऱ्याचे मत काय आहे, हे त्यातून उघड होते. नाशिकच्या परिसराचा इतिहास याची साक्ष देतो.

पहिला मोजणारा म्हणजे पलटण. सातपूर शहराच्या पश्चिमेला, त्र्यंबक रस्त्यावर, देवळाली दक्षिणपूर्वेला. देवळालीची छावणी १८६१ ची. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथे पडून राहत. काम नाही, शत्रू नाही, नुसती प्रतीक्षा. त्या रिकामपणातून आलेल्या भ्रमिष्टपणाला शिपायांच्या बोलीत 'डूलॅली टॅप' असे नाव पडले. त्यातला 'डूलॅली' म्हणजे देवळाली, आणि 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. बिअरचा हिशेब त्या जगात पिंपांनीच होई. इंग्लंडहून हिंदुस्थानात येणारी बिअर हॉग्जहेड नावाच्या लाकडी पिंपांतून येत असे, आणि एका हॉग्जहेडात ५४ गॅलन, म्हणजे सुमारे २४५ लिटर, मावत. ती वाटली जाई पलटणीच्या उपाहारगृहातून. या हिशेबात शिपाई पाहुणा नव्हता. बाजारातल्या दारूपासून दूर ठेवायचा, शिस्तीत गुंतवायचा तो एक आकडा होता.

दुसरा मोजणारा म्हणजे शासन. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली काही कलमे रद्द ठरवली, तरी मूळ चौकट टिकली. पुढे १९५३ च्या विदेशी मद्य नियमांत परवानाधारकासाठी 'युनिट' नावाचे एक माप आले. स्पिरिटची १ बाटली, वाइनच्या ३ किंवा बिअरच्या ९ बाटल्या म्हणजे एक युनिट. एक, तीन, नऊ : शाळकरी भूमितीश्रेढी वाटते, पण रसायनशास्त्राला ती फारशी सोडून नाही. ७५० मिलिलिटर व्हिस्कीत ४२.८ टक्के दराने सुमारे ३२० मिलिलिटर मद्यार्क येतो. १२ टक्क्यांच्या वाइनच्या तीन बाटल्यांत २७०, आणि ५ टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या नऊ बाटल्यांत सुमारे २९०. बाटलीतले द्रव्य नव्हे, तर त्यातला मद्यार्क मोजायचा, ही दृष्टी या नियमात आहे. मात्र पिणारा इथे पाहुणा नाही. तो सवलत मागणारा अर्जदार आहे.

साठच्या दशकात बंदी सैल झाली. त्याच दशकात, १९६२ साली, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे सातपूरच्या शेतजमिनींवर कारखाने उभे राहिले. पाळी सुटल्यावर एकत्र बसणारा, गावाकडच्या पंगतीची रीत बरोबर घेऊन आलेला नवा समाज इथे वसला. २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या मद्यनिर्मितीगृहाने 'डूलॅली' हेच नाव घेतले. शिपायांच्या तापाचा शब्द असा ताज्या बिअरच्या तोटीवर येऊन बसला.

तिसरा मोजणारा यजमान. त्याचा हिशेब करून पाहू. चाळीस आमंत्रितांपैकी पिणारे पंचवीस धरू. उरलेल्या पंधरांची मोजणी आधी करावी, कारण त्यांच्या सरबताचा विसर पडतो. रूढ आडाखा असा : पहिल्या तासाला दोन पेले, पुढे तासाला एक. तीन तासांचे चार पेले, पेला ३०० मिलिलिटरचा. एकूण ३० लिटर. फेसापायी दहावा हिस्सा जाईल असे धरले तर ३३. बाजारातले पिंप ३० लिटरचे किंवा ५० लिटरचे. पंगतीचे तत्त्व सांगेल, ५० चे आणा. पण हातपंपाने हवा भरून चालणारे पिंप एकदा उघडले की दिवसाभरात बिअर निवते. उरलेले शिळ्या भातासारखे परतून खाता येत नाही. मग यजमान आग्रहाला लागतो. जिलबीच्या आग्रहाने फार तर पोट बिघडते. इथे पाहुण्याला रात्री त्र्यंबक रस्त्याने दुचाकीवर घरी जायचे असते.

आणि कायद्याची वाहनचालकासाठीची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची आहे. साधारण बांध्याचा माणूस दोन पेल्यांतही ती ओलांडू शकतो. म्हणजे चार पेल्यांचा रूढ आडाखा हाच मुळी पाहुणा घरी कसा जाणार याचा विचार न करता बांधलेला आहे. पलटणीने शिपाई मोजला, शासनाने अर्जदार मोजला. यजमानाने तरी परतणारा माणूस मोजावा.

म्हणून आमचा कौल ३० लिटरच्या पिंपालाच, आणि परतीच्या गाड्या आधी ठरवण्याला. ते शेवटी थोडे कमी पडेल. अन्नाच्या बाबतीत जी नामुष्की, ती या एका पदार्थाच्या बाबतीत यजमानाची दूरदृष्टी मानावी.