दीपंकर दास शर्मा : पदार्थाच्या पृष्ठभागाआडचे इलेक्ट्रॉन शोधणारे भौतिकशास्त्रज्ञ

कोलकाता : घनपदार्थांतील इलेक्ट्रॉनांचे वर्तन वर्णपटविज्ञानाच्या साहाय्याने तपासणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांमध्ये दीपंकर दास शर्मा यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांची कारकीर्द मुख्यतः बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत घडली; मात्र त्यांच्या संशोधनाचे धागे कोलकात्याशी वारंवार जुळलेले दिसतात.

1955 मध्ये जन्मलेल्या शर्मा यांनी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. त्यानंतर बंगळुरूत सी. एन. आर. राव यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. जर्मनीतील युलिश येथील संशोधन केंद्रात काही काळ काम करून ते भारतीय विज्ञान संस्थेत परतले आणि घनावस्था व संरचनात्मक रसायन विभागात अध्यापन व संशोधन करू लागले. रसायनशास्त्राच्या विभागात भौतिकशास्त्रज्ञ, ही रचना त्यांच्या कामाला पोषकच ठरली. कारण ज्यांचे गुणधर्म समजून घ्यायचे ते पदार्थ शुद्ध स्वरूपात तयार करणे, हीच या क्षेत्रातील निम्मी लढाई असते.

ज्यांना आज ‘क्वांटम पदार्थ’ म्हटले जाते, त्यांत इलेक्ट्रॉन परस्परांपासून स्वतंत्र राहत नाहीत. प्रत्येकाची हालचाल इतरांच्या उपस्थितीने बांधलेली असते. त्यामुळे साध्या सिद्धांतानुसार वीजवाहक ठरायला हवे असे ऑक्साइड प्रत्यक्षात विद्युतरोधक निघते, तर त्याच कुळातील दुसरे एखादे अतिसंवाहक बनते. हे इलेक्ट्रॉन तपासण्याचे प्रभावी साधन म्हणजे प्रकाश-उत्सर्जन वर्णपटविज्ञान. पदार्थावर अतिनील किंवा क्ष-किरण सोडायचे, बाहेर फेकल्या गेलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजायची आणि ते आत कोणत्या स्थितीत होते याचा हिशेब मांडायचा. आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये उलगडलेला प्रकाशविद्युत परिणामच येथे उपयोगी पडतो. या तंत्राच्या विकासासाठी स्वीडनचे काई सीगबान यांना 1981 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

या तंत्राची एक मोठी अडचण आहे. खोलवरून निघालेले इलेक्ट्रॉन वाटेतच ऊर्जा गमावतात, म्हणून नेहमीच्या प्रयोगात अणूंच्या वरच्या काही थरांचीच माहिती हाती येते. पृष्ठभागावरील अणूंना एका बाजूने शेजारीच नसतात. तेथील इलेक्ट्रॉन आतल्यांसारखे वागतील याची खात्री कोणी द्यावी? शर्मा आणि त्यांचे विद्यार्थी कलोबरन मैती यांनी सहकाऱ्यांसह कॅल्शियम व स्ट्राँशियमयुक्त व्हॅनेडियम ऑक्साइडांवर केलेल्या कामात हा प्रश्न ऐरणीवर आला. आपाती प्रकाशाची ऊर्जा बदलली की निसटणारे इलेक्ट्रॉन कमी-अधिक खोलीवरून येतात. या फरकाचा उपयोग करून त्यांनी पृष्ठभागाचा वाटा आणि अंतर्भागाचा वाटा वेगळा काढला. दोन्हींची इलेक्ट्रॉन रचना अगदी भिन्न आढळली. जे पदार्थाचे वैशिष्ट्य म्हणून गणले जात होते, त्यातील बराच भाग केवळ त्याच्या कातडीचा होता. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांमुळे अशा संयुगांवरील आधीच्या मोजमापांकडे नव्याने पाहावे लागले. मैती पुढे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच क्षेत्रात कार्यरत राहिले आणि 2010 मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

शर्मा यांना हा पुरस्कार 1994 मध्येच मिळाला होता. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह एक सैद्धांतिक मांडणी केली होती. ऑक्साइडे विद्युतरोधक का होतात, याचे झानेन, सॉवात्स्की आणि ॲलन यांनी 1985 मध्ये केलेले वर्गीकरण जगभर वापरले जात होते. धातूचा अणू आणि त्याचा शेजारी यांतील बंध अतिशय सहसंयुजी असेल, तर या वर्गीकरणाबाहेरचा आणखी एक प्रकार संभवतो, असे शर्मा यांच्या गटाने दाखवले.

2000 मध्ये त्यांच्या गटाने स्ट्राँशियम, लोह व मॉलिब्डेनम यांच्या दुहेरी पेरोव्हस्काइटचे कोडे हाती घेतले. जपानी शास्त्रज्ञांनी 1998 मध्ये या पदार्थाची चुंबकीय वैशिष्ट्ये जाहीर केली होती. त्यातील लोहाचे अणू एकमेकांपासून दूर असूनही पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे त्याची चुंबकीय मांडणी टिकते. मॉलिब्डेनमकडील फिरते इलेक्ट्रॉन लोहाच्या चुंबकत्वाशी विरुद्ध दिशेने घट्ट जोडले जातात, हे त्याचे कारण त्यांनी पुढे ठेवले. या शोधनिबंधातील सहलेखिका प्रिया महादेवन आणि तनुश्री साहा-दासगुप्ता पुढे कोलकात्यातील सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रात रुजू झाल्या. साहा-दासगुप्ता तेथील संचालकही झाल्या. डमडमच्या दक्षिणेला पसरलेल्या बिधाननगरमध्ये हे केंद्र आहे आणि साहा अणुभौतिकी संस्थाही तेथेच आहे.

शर्मा स्वतः काही काळ जादवपूरच्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’च्या प्रगत पदार्थ केंद्राशी संलग्न होते. महेंद्रलाल सरकार यांनी 1876 मध्ये स्थापन केलेल्या याच संस्थेच्या बोबाजार येथील जुन्या इमारतीत 28 फेब्रुवारी 1928 रोजी रामन परिणामाचा शोध लागला. भारतात वर्णपटविज्ञान म्हटले की सामान्य वाचकाला अजूनही एवढीच तारीख आठवते.

रामन यांना हाताशी असलेली साधने पुरेशी होती. शर्मा यांच्या पिढीला तसे भाग्य नव्हते. हव्या त्या ऊर्जेचा तीव्र प्रकाश देणारे सिंक्रोट्रॉन भारतात उशिरा आले. इंदूरचे इंडस-1 हे 1999 मध्ये आणि त्याहून बरेच शक्तिशाली इंडस-2 हे 2005 मध्ये कार्यान्वित झाले. तोपर्यंत आणि त्यानंतरही नमुने परदेशी नेऊन, वाटून मिळालेल्या मोजक्या दिवसांत रात्रंदिवस मोजमापे घेणे हाच मार्ग होता. इटलीतील ट्रिएस्ट येथील एलेट्रा सिंक्रोट्रॉनवर शर्मा यांच्या गटाने 2004 मध्ये एका मँगेनीज ऑक्साइडची सूक्ष्मचित्रे घेतली. त्यात धातुरूप आणि विद्युतरोधक पट्टे शेजारी-शेजारी दिसले. पदार्थ तापवून पुन्हा थंड केल्यावर ते पट्टे जणू आठवणीने पूर्वीच्याच जागी उमटले.

पुढे एलेट्रावर भारतीय विज्ञान संस्थेच्या भागीदारीतून भारतीय संशोधकांसाठी किरणवाहिन्या उभ्या राहिल्या. जपानमधील त्सुकुबा येथील फोटॉन फॅक्टरीतील भारतीय किरणवाहिनीची जबाबदारी कोलकात्याच्या साहा संस्थेने उचलली.