बोस्टनचा बर्फ, आपला आंबा

आंब्याचा फ्लोट सोपा: ग्लासात आमरस, त्यावर गार सोडा, शेवटी आइस्क्रीमचा गोळा. फेस उसळतो, म्हणून ग्लास काठोकाठ भरू नका.

पण हा गारवा आपल्याकडे आला कसा? मे १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं. विषुववृत्त दोनदा ओलांडून सप्टेंबरात कलकत्त्याला पोचलं, तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता! फौजेत रसदीचे हिशेब पाहिलेला मी, या हिशेबाला सलाम करतो. चेन्नईचं विवेकानंद हाउस हे त्याच व्यापाराचं बर्फघर.

तो गारवा मात्र साहेबांपुरता आणि धनिकांपुरता होता. यंत्राचा बर्फ आला, तेव्हा तो गल्लीबोळांत पोचला. म्हणून फ्लोट केलात, की एक ग्लास गेटवरच्या वॉचमनलाही द्या.