किंतुपचा शब्द

तिबेटांतून पूर्वेस वाहणारी त्सांगपो नदी हिमालयाच्या टोकाशीं खोल दरींत शिरते. आसामांत ब्रह्मदेवाचा पुत्र म्हणून पूजिला जाणारा ब्रह्मपुत्र नद तो हाच काय, असा भूगोलवेत्त्यांत वाद होता. तो सोडविण्यासाठीं १८८० सालीं मोजणीखात्यानें सिक्कीमच्या किंतुप या निरक्षर माणसास एका लामासमवेत धाडिलें. लामानें त्यास गुलाम म्हणून विकलें. तेथून निसटून किंतुपनें खुणेचे ५०० ओंडके, रोज ५० प्रमाणें, प्रवाहांत सोडिले; परंतु त्याचें पत्र वेळेवर न पोहोंचल्यानें आसामांत ते पाहण्यास कोणीही नव्हतें. १८८४ मध्यें तो परतला, तेव्हां अनेकांनीं त्याचें म्हणणें मानिलें नाहीं. १९१३ सालीं बेली व मोर्सहेड त्या प्रदेशांत हिंडले; त्सांगपो तोच ब्रह्मपुत्र हें निश्चित झालें आणि किंतुपच्या कथनाचा बहुतेक भागही खरा ठरला. त्याचे ओंडके कोणीं पाहिले नाहींत. शब्द मात्र टिकला.