कुत्रं अचानक कुरतडायला लागलं तर? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

समजा, तुमच्या घरी तीन-चार वर्षांचं, शहाणं म्हणावं असं कुत्रं आहे. पायाशी चप्पल पडली तरी तोंड न लावणारं. आणि एखाद्या आठवड्यात ते दाराची चौकट कुरतडतं, गोधडी फाडतं, बाजेची नवार तोडतं, अंगणातला दगडसुद्धा चावून बघतं. घरात लगेच तीन मतं निघतात. एक जण म्हणतो, "खोड लागली, दोन फटके द्या." दुसरा म्हणतो, "आपण लग्नाला गेलो होतो ना, त्याचा राग काढतंय." आणि आजी हळूच विचारते, "पिसाळलं तर नाही ना?"

या तिन्ही मतांना मोठा इतिहास आहे आणि तो सांगायला मी हा लेख लिहितेय. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे पाळीव कुत्रं दिवसभर मोकळं फिरतं आणि गावातल्या इतर कुत्र्यांशी त्याची रोज गाठ पडते, तिथे या तीन प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आजीचा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. का, ते बघू.

पोटात सापडलेलं लाकूड

पिसाळलेल्या कुत्र्याचं वर्णन आपल्याकडे फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात ते येतं: शेपटी, जबडा आणि खांदे गळालेले, तोंडातून लाळ. असा प्राणी चावलेल्या माणसाला पाण्याची भीती वाटू लागली, की तो वाचत नाही, हेही तिथे सांगितलंय. म्हणजे रोग आणि त्याचा शेवट दोन्ही नीट ओळखलेले होते. अडचण एकच होती, सुरुवातीच्या दिवसांत कुत्रं ओळखायचं कसं?

या प्रश्नावर लंडनच्या विल्यम युएट नावाच्या पशुवैद्याने बारकाईने काम केलं. १८३० मध्ये त्याने कुत्र्यांच्या पिसाळण्यावर लिहिलं. त्याने टिपलेली एक गोष्ट आपल्या विषयाची आहे: पिसाळणारं कुत्रं नेहमीचं अन्न सोडतं आणि जे खाण्यासारखं नाही ते खातं. गवत, केस, माती, लाकूड, शेण. पुढे एकोणिसाव्या शतकात हेच निदानाचं मोठं साधन झालं. संशयित कुत्रं मेलं किंवा मारलं, की त्याचं पोट उघडून बघायचे. आत काड्या-लाकूड सापडलं, तर ते पिसाळलेलं होतं असं समजायचे.

आता पुढचं बघा. ४ जुलै १८८५ ला तेव्हा जर्मनीच्या ताब्यात असलेल्या आल्सास भागात जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलाला एक कुत्रं अनेक ठिकाणी चावलं. ६ जुलैला त्याला पॅरिसला लुई पाश्चरकडे आणलं. त्याला दहा-अकरा दिवसांत १३ टोचण्या दिल्या गेल्या आणि तो वाचला. रेबीजच्या लसीची ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. पण ते कुत्रं पिसाळलेलं होतं हे कशावरून ठरलं? पाश्चरने स्वतः लिहून ठेवलंय: शवविच्छेदनात कुत्र्याचं पोट गवत, पेंढा आणि लाकडाच्या तुकड्यांनी भरलेलं होतं, म्हणून ते पिसाळलेलंच. म्हणजे वैद्यकाच्या इतिहासातला एवढा मोठा निर्णय कुत्र्याने कुरतडलेल्या लाकडावर उभा होता!

हा पुरावा तसा कच्चाच. कारण उपाशी, आजारी, कंटाळलेलं किंवा घाबरलेलं कुत्रंही लाकूड कुरतडतं. ते विशिष्ट कुत्रं खरंच पिसाळलेलं होतं का, अशी शंका नंतरच्या इतिहासकारांनी काढलीही आहे.

ओळख पटत नसेल तर?

निदान पक्कं नसलं की माणसं दोनच गोष्टी करतात: दुर्लक्ष, नाहीतर सरसकट मारामारी. दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. कंपनी सरकारच्या काळात तिथे वर्षातल्या ठरावीक महिन्यांत भटकी कुत्री मारायचा हुकूम असे आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. १८३२ मध्ये मुदत वाढवली गेली. बक्षिसाच्या लोभाने लोक घरात शिरून पाळीव कुत्रीही ओढून नेतात, अशा तक्रारी झाल्या. जून महिन्यात पारशी समाजाच्या पुढाकाराने बाजार बंद झाले, किल्ल्यातल्या फौजेची रसद अडली आणि दंगल उसळली. पिसाळलेलं कोणतं आणि साधं कोणतं हे सांगायची सोय कोणाकडेच नव्हती. त्याची किंमत सगळ्या कुत्र्यांनी आणि शेवटी शहरानेही मोजली.

लस आल्यावरसुद्धा ती आपल्यापर्यंत यायला वेळ लागला. भारतातली पहिली पाश्चर संस्था १९०० मध्ये कसौलीला, हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरात सुरू झाली. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. चावलेल्या माणसाने इथून कसौलीला जायचं कसं? बीड शहरापर्यंत रेल्वे यायला तर अजून सव्वाशे वर्षं लागायची होती.

कसौलीलाच डेव्हिड सेंपल या डॉक्टरने १९११ मध्ये नवी लस तयार केली. विषाणू टोचलेल्या प्राण्याच्या, पुढे मुख्यतः मेंढीच्या, मेंदूपासून ती बनायची आणि विषाणू फिनॉलने निकामी केलेला असायचा. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही रेबीजची लस बनू लागली. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, "कुत्रं चावलं तर पोटात चौदा इंजेक्शनं" हे त्यांना पाठ असेल. ती हीच लस. तिने असंख्य जीव वाचवले. पण तिच्यात मेंदूतले घटक असल्याने क्वचित कोणाला लकवाही व्हायचा. २००५ च्या सुमारास आपल्या देशात तिचं उत्पादन थांबलं. आज पेशींवर वाढवलेली लस मिळते, ती दंडात देतात आणि डोसही थोडे. तरीही चौदा इंजेक्शनांची धास्ती लोकांच्या मनातून गेलेली नाही, आणि त्या धास्तीपोटी काही जण आजही दवाखान्याऐवजी मंत्र-उताऱ्याकडे वळतात. इतिहास असा मागे राहतो.

मेंदूत नेमकं काय होतं?

१९०३ मध्ये इटलीतल्या आदेल्की नेग्री याला रेबीजने मेलेल्या प्राण्यांच्या मेंदूपेशींत सूक्ष्मदर्शकाखाली छोटे गोल ठिपके दिसले. कुत्र्याच्या पोटाऐवजी आता मेंदू तपासायचा, हा बदल तिथून झाला. १९५८ मध्ये चमकणाऱ्या प्रतिपिंडांची चाचणी आली आणि काही तासांत बऱ्यापैकी खात्रीचं उत्तर मिळू लागलं. पण दोन्ही चाचण्यांना मेंदू लागतो. म्हणजे जिवंत कुत्र्याच्या बाबतीत आपण आजही मुख्यतः वागण्यावरूनच अंदाज बांधतो. युएटची वही अजून कामाची आहे ती त्यामुळे.

रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेवरून नसांमधून मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला साधारण काही आठवडे ते काही महिने लागतात. भीती, राग, भूक यांच्याशी जोडलेल्या मेंदूच्या भागांत तो पोचला की कुत्र्याचं वागणं बदलतं. काही कुत्री सैरभैर होतात, दिसेल ते चावतात, साखळी आणि लाकूड कुरतडतात. काही उलट गप्प होतात, अंधारात बसतात, जबडा लोंबतो, गिळता येत नाही. या दुसऱ्या प्रकारात मोठा धोका आहे. मालकाला वाटतं घशात हाडूक अडकलंय, आणि तो तोंडात हात घालतो. लाळेत विषाणू असतो. तेव्हा असा हात कधीच घालायचा नाही.

अजून एक उपयोगाचा हिशोब सांगते. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीज झालेलं कुत्रं साधारण दहा दिवसांत मरतं. म्हणून कुरतडणं महिनाभर चालू असेल आणि कुत्रं नीट खात-पित, खेळत असेल, तर ते रेबीज नव्हे. शंका घ्यायची ती या मेळाची: कुरतडणं अचानक सुरू झालंय, सोबत आवाज बदललाय, अन्न सोडलंय, चाल लटपटतेय, ओळखीच्या माणसावरही ते धावून जातंय आणि लसीची नोंद नाही.

दुसरा धागा: एकटेपणा

कुरतडणारी बहुतेक कुत्री पिसाळलेली नसतात. मग ती का कुरतडतात? पिल्लांचं उत्तर सोपं आहे. दुधाचे २८ दात पडून कायमचे ४२ येतात. हे तीन ते सात महिन्यांच्या वयात होतं आणि तेव्हा हिरड्या शिवशिवतात. मोठ्या कुत्र्याचं कोडं मात्र विज्ञानाने बऱ्याच उशिरा हातात घेतलं.

१९८० च्या दशकात अमेरिकेतले पशु-वर्तनतज्ज्ञ "वियोगाची चिंता" असा शब्द कुत्र्यांसाठी वापरू लागले. तो आला होता लहान मुलांच्या मानसशास्त्रातून. १९९८ मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी ५१ कुत्री आणि त्यांचे मालक घेऊन एक प्रयोग केला. आई खोलीतून निघून गेल्यावर मूल कसं वागतं हे बघायची जी ठरलेली पद्धत आहे, तीच त्यांनी कुत्र्यांवर वापरली. कुत्री मालकाशी लहान मुलासारखीच बांधलेली दिसली. त्याच सुमारास अमेरिकेत क्लोमिप्रामिन हे मूळचं माणसांच्या नैराश्यावरचं औषध कुत्र्यांच्या वियोगाच्या चिंतेसाठी मंजूर झालं. (आपल्या घरातल्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. मात्रा पशुवैद्यच ठरवतो, आणि सरावाशिवाय औषध पुरतही नाही.)

एकटेपणातून येणाऱ्या कुरतडण्याची एक खूण आहे. नुकसान बहुतेक दार, खिडकी, उंबरा इथेच होतं आणि माणसं बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात होतं. जिथून माणूस गेला, तिथेच कुत्रं तोंड घालतं.

आता बीडकडे बघा. दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. धारूर, पाटोदा, शिरूर कासार, केज या भागांतल्या कितीतरी वस्त्यांत मग म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं तेवढी उरतात. ज्या घरात रोज दहा माणसांचा राबता होता, ते एका सकाळी रिकामं होतं, आणि मागे राहिलेल्या कुत्र्याच्या बाजूने कोणी विचार करत नाही. त्यात फटाक्यांचे दिवस. परदेशातल्या पुस्तकांत हा विषय फ्लॅटमध्ये कोंडलेल्या कुत्र्याच्या उदाहरणाने शिकवतात. कुलूप लागलेलं ऊसतोड कामगाराचं घर त्यांत येत नाही. यावर आपल्याकडेच काम व्हायला हवं.

कुत्रं सूड घेतं का?

राहिलं दुसरं मत: "राग काढतंय." डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावाची बातमी जगभर गेली होती, आठवत असेल. माकडांनी सूड म्हणून कुत्र्यांची पिल्लं मारली, असं छापून आलं आणि आकडा २५० पर्यंत गेला. वनविभागाने दोन वानरं पकडून नेली. उचलून झाडावर-छपरावर नेलेली पिल्लं पडून किंवा उपाशी राहून मेली असावीत, असं साधं स्पष्टीकरणही पुढे आलं. पण "सूड" हा शब्द जेवढा पळाला, तेवढं ते पळालं नाही. प्राण्याच्या वागण्यात माणसाचा हेतू बघायची आपली सवय जुनी आहे.

कुत्र्याच्या "अपराधी" चेहऱ्याचंही तसंच. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर प्रयोग केला. मालक रागावला की कुत्रं तसा चेहरा करायचं, मग त्याने चूक केलेली असो वा नसो. म्हणजे तो चेहरा आपल्या रागाला दिलेलं उत्तर आहे, गुन्ह्याची कबुली नाही. संध्याकाळी घरी येऊन सकाळच्या चौकटीसाठी फटके दिले, तर कुत्रं एवढंच शिकतं की माणूस घरी आला की मार बसतो. भीती वाढते, आणि भीतीपायी कुरतडणंही.

तर क्रम असा

पहिला प्रश्न आजीचा. कुत्र्याची रेबीजची लस झालीय का? गेल्या काही महिन्यांत ते दुसऱ्या प्राण्याशी भांडलंय का? वागण्यात वर सांगितलेले बदल आहेत का? शंका आली तर त्याला हात न लावता बंद जागी ठेवा, पोरांना लांब ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. ते चावलं, ओरखडलं किंवा जखमेला त्याची लाळ लागली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. तिथे लस मोफत आहे. कातडीत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात आणि रक्त आलेल्या जखमेला सोबत सिरमही लागतं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण त्यासाठी लस थांबवायची नाही. भारतात रेबीजने वर्षाला सुमारे ५,७०० माणसं मरतात, असा २०२४ चा अंदाज आहे. लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही.

दुसरा प्रश्न शरीराचा: दात, हिरड्या, पोट, जंत. तो पशुवैद्याला विचारा. तिसरा घराचा: कोण गेलं, काय बदललं, कुत्रं किती वेळ एकटं असतं? माणूस थोडा थोडा वेळ बाहेर जाऊन परत येण्याचा सराव, फिरवणं, आणि चावायला त्याच्या हक्काचं काहीतरी. बऱ्याचदा एवढ्याने फरक पडतो.

फटक्यांचा प्रश्न या यादीत कुठेच नाही. आणि पहिला प्रश्न विचारायची वेळच येऊ नये असं वाटत असेल, तर पिल्लू तीन महिन्यांचं झालं की लस द्या, मग बूस्टर आणि पुढे दरवर्षी एक. तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.