सफरचंदाच्या सालीवर ‘गंज’ का चढतो?

फळबाजारात सफरचंद निवडताना देठाजवळ तपकिरी, खरखरीत चट्टा दिसला की गिऱ्हाईक ते फळ हळूच बाजूला ठेवते. कीड लागली असावी किंवा फळ आतून सडले असावे, असा त्यामागचा समज. प्रत्यक्षात हा चट्टा म्हणजे रोग नव्हे. फळशास्त्रात त्यास ‘रसेटिंग’ म्हणतात. फाटलेल्या सालीला सफरचंदाने स्वतःच लावलेले ते ठिगळ होय.

सफरचंदाच्या सालीवर सर्वांत बाहेर मेणचट उपत्वचा असते. पाणी आत-बाहेर जाऊ न देणे हे तिचे काम. पाकळ्या गळून पडल्यानंतरच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत चिमुकले फळ मूळ आकाराच्या मानाने विलक्षण वेगाने फुगते आणि उपत्वचेला त्याच वेगाने ताणावे लागते. नेमक्या याच दिवसांत पाऊस, धुके वा दव यांमुळे फळ दीर्घकाळ ओले राहिले, तर उपत्वचेला सूक्ष्म तडे जातात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. पण सालीखालच्या पेशींना त्यांची चाहूल लागते. त्या पुन्हा विभागू लागतात आणि बुचाच्या पेशींचे थर रचतात. या पेशींच्या भिंतींत सुबेरिन नावाचा जलरोधक पदार्थ भरला जातो व पेशी मरतात. वरची मूळ त्वचा सुकून झडली की खालचे तपकिरी बूच उघडे पडते. बटाट्याची साल याच जातीची असते.

यातील एक बारकावा मोठा रंजक आहे. जर्मनीतील हॅनोव्हर येथील लायब्निझ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले, की तडे ओलाव्यात पडतात. परंतु बूच तयार होण्यास सुरुवात होते ती ओलावा संपल्यानंतर. आनुवंशिकतेचाही यात वाटा आहे. उपत्वचेच्या घडणीचे नियंत्रण करणाऱ्या एका जनुकाचे कार्य मंदावले की साल तडकण्याची शक्यता वाढते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले.

याखेरीज कोवळ्या फळाला लागलेले हिमतुषार, भुरी रोग, फळाच्या पृष्ठभागावर वाढणारी काही यीस्ट आणि चुकीच्या वेळी केलेली फवारणी हीदेखील कारणे आहेत. विशेषतः तांबेयुक्त औषधे कोवळ्या सालीला मानवत नाहीत. आपल्याकडील द्राक्षबागायतदारांच्या परिचयाचे बोर्डो मिश्रणही त्यातलेच.

‘गोल्डन डिलिशस’ हा वाण या बाबतीत भलताच नाजूक. हिमाचल प्रदेशातील बागांत लाल वाणांच्या परागीभवनासाठी त्याची झाडे मुद्दाम लावली जातात. त्याच्या पिवळ्या सालीवर तपकिरी डाग लपतही नाही. डागाळलेला माल खालच्या प्रतीत जातो आणि फळ उत्तम असूनही बागायतदाराच्या पदरी कमी भाव पडतो. उपाय म्हणून पाकळ्या गळाल्यापासून ठरावीक अंतराने जिबरेलिन या संजीवकाच्या सौम्य फवारण्या करतात. काही देशांत फळांना कागदी पिशव्याही बांधतात. मात्र त्यास मजूर फार लागतात.

गंमत अशी, की ज्या ‘दोषा’पायी हा खटाटोप, तोच काही वाणांचे भूषण ठरला आहे. इंग्लंडमधील ‘एग्रेमाँट रसेट’ व अमेरिकेतील सतराव्या शतकापासूनचा ‘रॉक्सबरी रसेट’ ही चिकूसारख्या रंगाची सफरचंदे चोखंदळ खवय्ये आवर्जून शोधतात. युरोपीय संघाच्या प्रतवारीतही, ज्या वाणांचे रसेटिंग हे वैशिष्ट्यच आहे त्यांना या निकषातून सूट आहे.

चट्टा पडलेले सफरचंद खाण्यास निर्धोक असते. फक्त बुचाचे हे ठिगळ अखंड उपत्वचेइतके पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे साठवणीत असे फळ लवकर सुरकुतते. ते घरी आणल्यास फ्रिजमध्ये पिशवीत ठेवावे आणि आधी संपवावे.